अनोळखी गावात ओळखीची माणसे : फ्रीमेसन लॉज चालते कसे?

फ्रीमेसन ही जगातली सर्वांत गाजलेली गुप्त संघटना, आणि ती फारशी गुप्त कधी नव्हतीच. तिच्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर गुण्या आणि कंपास यांचे चिन्ह ठळक कोरलेले असते. सभासद पदके लावून समूहचित्रे काढून घेतात. तिचे विधी सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० मध्येच लंडनमध्ये पुस्तक छापून चव्हाट्यावर मांडले होते. ब्रिटनमध्ये १७९९ साली गुप्त मंडळ्यांविरुद्ध कायदा झाला, तेव्हा मेसनांना सूट मिळाली ती या अटीवर, की प्रत्येक लॉजने दरवर्षी सभासदांची यादी सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी. याद्या सरकारात भरणाऱ्या या संघटनेच्या बंद दाराआड असे काय चालत होते, की हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांपासून अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणींपर्यंत, जिथे गोरा माणूस वस्तीला गेला तिथे चर्चच्या आगेमागे लॉजही उभे राहिले?

गवंड्यांची हत्यारे, बिनगवंडी माणसे

मध्ययुगीन युरोपात मोठी चर्चे बांधायला दहा-वीस वर्षे सहज लागत. पाथरवट आणि गवंडी गावोगावचे येत, आणि बांधकामालगत त्यांची एक शेड असे. दगड घडवणे, जेवणे, विसावा घेणे, हिशेब करणे सगळे तिथेच होई. त्या शेडला लॉज म्हणत. नवा कारागीर आला, की तो खरोखर शिकलेला आहे की नुसताच हातोडा घेऊन फिरतो आहे, हे ठरवणे भाग पडे. कागदपत्रे नव्हती आणि बहुतेकांना लिहिता-वाचताही येत नव्हते. स्कॉटलंडमध्ये पात्र गवंड्याला ओळखण्यासाठी एक खुणेचा शब्द ठरलेला असे.

सतराव्या शतकात या मंडळ्यांत कधी थापी न धरलेले जमीनदार, वकील, हौशी विद्वान येऊ लागले, आणि हळूहळू बांधकाम मागे पडून विधी तेवढे उरले. लंडनमधल्या चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी सेंट पॉल चर्चजवळच्या एका दारूच्या गुत्त्यात जमून ग्रँड लॉज, म्हणजे सर्वांवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली असे संघटना सांगते. अलीकडच्या काही इतिहासकारांना ही तारीख मान्य नाही. ते घटना १७२१ कडे ओढतात. १७२३ मध्ये नियमांचे पुस्तक छापून झाले, हे मात्र निर्विवाद.

हत्यारे तीच राहिली, त्यांना नवे अर्थ मिळाले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या काळ्या दगडाच्या वाड्याचे काम ज्या साधनांनी झाले, तीच ही साधने. भिंत सरळ उभी आहे की नाही हे ओळंबा सांगतो, म्हणून ओळंबा म्हणजे सचोटी. थर एका पातळीत आहे का हे पाणसळ दाखवते, म्हणून पाणसळ म्हणजे समता. कोपरा काटकोनात बसवणारा गुण्या म्हणजे न्याय्य वागणूक, आणि वर्तुळाची हद्द आखणारा कंपास म्हणजे स्वतःच्या वासनांना घातलेली मर्यादा. लॉजच्या सभागृहात दोन दगड ठेवलेले असतात : एक खाणीतून काढला तसा ओबडधोबड, दुसरा सहाही बाजूंनी घासून गुळगुळीत केलेला. नवा सभासद पहिला दगड, आणि तो काय व्हावा अशी अपेक्षा आहे तो दुसरा. शिकवण साधी आहे, कीर्तनात शोभेल इतकी साधी. तिच्याभोवती थाटमाट मात्र फार.

दारातून आत

सभासद व्हायचे तर आधीच्या दोघांनी नाव सुचवावे लागते. मग चौकशी होते आणि मग मतदान. मतपेटीत प्रत्येक जण हात घालून एक छोटी गोळी टाकतो, होकाराची पांढरी किंवा नकाराची काळी. कोणी कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. बहुमत इथे चालत नाही. लॉजच्या नियमाप्रमाणे एक ते तीन काळ्या गोळ्या निघाल्या, की शंभर पांढऱ्या वाया. ज्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांना भाऊ म्हणायचे, तिथे एकालाही नकोसा असलेला माणूस आत नको, असे यामागचे कारण सांगतात. याच पेटीने पुढे हिंदुस्थानात बरेच राजकारण केले.

निवड झालेल्या माणसाला दाराबाहेर थांबवतात. तिथे टायलर नावाचा पहारेकरी नंगी तलवार घेऊन उभा असतो. उमेदवाराचा कोट, अंगठ्या, घड्याळ, खिशातले पैसे, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. डाव्या छातीवरचा सदरा उघडा, एक बाही आणि विजारीचा एक पाय दुमडलेला, एका पायात सपात, गळ्यात दोरीचा फास आणि डोळ्यांवर पट्टी. दारावर तीन ठोके पडतात आणि त्याला हाताला धरून आत फिरवतात. तो आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो, मग पट्टी सुटते.

आतली खोली काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीची. पूर्वेला अध्यक्ष, म्हणजे मास्टर. पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याचे दोन वॉर्डन. कमरेला सर्वांच्या कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा एप्रन, गवंडी बांधतो तसा. मग गोरगरिबांसाठी काहीतरी द्यावे म्हणून उमेदवारापुढे हात पसरला जातो. तो गोंधळतो, कारण खिसे रिकामे आहेत. तेव्हा त्याला सांगतात : आज तुझ्याकडे काही नव्हते तरी तुला आत घेतले, उद्या असाच रिकाम्या हाताचा कोणी भेटला तर हा क्षण विसरू नकोस. सगळ्या विधीतला मनाला भिडणारा भाग हाच असावा. दोरी आणि तलवार पाहून जी कुजबुज होते ती मात्र बाहेरच्यांची. हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला ठिकठिकाणी जादूघर म्हणत. इंग्रज लेखक किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतही ते नाव येते.

> चौकट : तीन पायऱ्या
> सभासद तीन पायऱ्या चढतो : उमेदवार शागीर्द, पारंगत कारागीर आणि मास्टर मेसन. प्रत्येक पायरीचा विधी, खुणेचा शब्द आणि हस्तांदोलनाची पद्धत वेगळी. तिसऱ्या पायरीत सॉलोमनच्या मंदिराचा कारागीर हिराम याचा खून नाट्यरूपात दाखवतात. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते. स्त्रियांना या मुख्य शाखेत प्रवेश नाही. ॲनी बेझंट १९०२ मध्ये मेसन झाल्या, त्या स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या वेगळ्या शाखेत.

सनद आणि दाखला

लॉज कोणालाही मनात आले म्हणून काढता येत नाही. ग्रँड लॉजकडून सनद लागते. सनद मिळाली की नाव आणि क्रमांक मिळतो, इतिवृत्ताची वही सुरू होते, वर्गणीचा वाटा वर पाठवावा लागतो. सभासदालाही ग्रँड लॉजचा छापील दाखला मिळतो, त्यावर त्याची सही असते. तो परगावी गेला, की तिथल्या लॉजच्या दाराशी दाखला दाखवतो, पुन्हा सही करून ताडून देतो, खुणा आणि शब्द सांगतो आणि आत जातो. जुन्या सावकारी पेढ्यांची हुंडी जशी पुण्यात लिहिली तरी काशीत वटे, कारण तिथल्या पेढीला लिहिणाऱ्या पेढीची पत ठाऊक असे, तसेच हे होते. हुंडीत रक्कम फिरे, इथे माणसाची पत फिरत असे.

ही सोय कोणाला लागते? पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहणाऱ्याला नाही. त्याचा बाप कोण, मामा कोण, कोणाचे देणे बुडवले, सगळे गावाला पाठ असते. ती लागते बदलीच्या माणसाला : शिपाई, खलाशी, व्यापारी, खाणकामगार.

सोन्याच्या खाणीवरचे शहात्तर जण

खाणीचे गाव म्हणजे याचे टोकाचे उदाहरण. अमेरिकेत आजच्या माँटाना राज्यात ग्रासहॉपर नावाच्या ओढ्यात जुलै १८६२ मध्ये सोने सापडले आणि काही महिन्यांत तिथे बॅनक नावाची वस्ती उठली. माणसे चहूकडून आलेली, बहुतेक एकटी, काही खोट्या नावाने. बँक, डॉक्टर, कोर्ट यांतले धड काही नव्हते. वाटेवर सोने लुटण्यासाठी खून पडत.

त्या नोव्हेंबरात विल्यम बेल नावाचा एक माणूस तापाने आजारी पडला. आपल्याला मेसनांच्या रीतीने पुरावे, असे त्याने मरण्यापूर्वी सांगितले. नॅथॅनियल लँगफर्ड हा तिथला एक मेसन. त्याने वस्तीत निरोप फिरवला : कोणी मेसन असतील त्यांनी अमक्या झोपडीत जमावे. फार जण येतील अशी त्याची अटकळ नव्हती. झोपडी पुरेना. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला शहात्तर मेसन हजर होते, असे लँगफर्डने पुढे आपल्या आठवणींत लिहिले. महिनोन्‌महिने एकाच ओढ्यात शेजारी शेजारी वाळू चाळणाऱ्यांना तोवर एकमेकांचा पत्ता नव्हता.

खाणीच्या गावाला लॉज का हवे होते, ते या एका प्रेतयात्रेत दिसते. विमा नव्हता, नातेवाईक हजार मैल दूर होते. खाणीत किंवा तापाने मेलेल्याला खांदा देणारे, घरी पत्र लिहिणारे, विधवेला चार पैसे पाठवणारे कोणी तरी लागत होते. बॅनकमध्ये रीतसर लॉज पुढे झाले आणि १८७४ मध्ये त्याने दुमजली लाकडी इमारत बांधली. वर लॉज, खाली गावच्या पोरांची शाळा. बॅनक आता ओसाड आहे, सरकारने ते जतन केले आहे, आणि इमारत उभी आहे.

एकमेकांवर भरवसा असलेली माणसे एकत्र आली म्हणजे ती चांगलेच करतील असे मात्र नाही. १८६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच टापूत नागरिकांच्या एका दक्षता मंडळाने वीसेक जणांना कोर्टाशिवाय फासावर लटकवले, त्यात बॅनकचा शेरीफ हेन्री प्लमरही होता. या मंडळाचा अध्यक्ष पॅरिस फाउट्स हा शेजारच्या व्हर्जिनिया सिटीतल्या लॉजचा मास्टर होता. म्हणून हे काम लॉजने केले असे ठरत नाही, पण रात्री दार लावून कोणाशी बोलावे हे ज्यांना आधीपासून माहीत होते, त्यांना संघटित व्हायला वेळ लागला नाही.

पलटणीबरोबर हिंडणारे लॉज

नगर जिल्ह्यात सोन्याच्या काय, कसल्याच मोठ्या खाणी नाहीत. भिंगारच्या कॅम्पसारख्या छावणीत मात्र खाणीच्या गावाचीच परिस्थिती होती : घरदार सोडून आलेले पुरुष, दोन-तीन वर्षांनी बदली, पटकी आणि ताप. छावण्यांसाठी आयर्लंडच्या ग्रँड लॉजने एक युक्ती काढली होती. १७३२ मध्ये तिने एका पायदळ पलटणीला फिरती सनद दिली. ही सनद गावाला नव्हे तर पलटणीला. पलटण जाईल तिथे एका पेटीत लॉजही जाई. तंबूत पेटी उघडली, चटई अंथरली, की लॉज भरले. ब्रिटिश फौजेबरोबर फ्रीमेसनरी जगभर पसरली ती बरीचशी अशी.

हिंदुस्थानातले पहिले लॉज कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये १७३० च्या सुमारास निघाले, मद्रासचे १७५२ मध्ये आणि मुंबईचे १७५८ मध्ये. पुण्याच्या छावणीत पुढे ‘ओरायन इन द वेस्ट’ आणि ‘सेंट अँड्र्यू इन द ईस्ट’ अशी नावाने उलट्या दिशांची दोन लॉज होती.

नगरच्या इतिहासातले सर्वांत ओळखीचे इंग्रज नाव आर्थर वेलस्लीचे. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने शिंद्यांकडून भुईकोट किल्ला घेतला. हा वेलस्ली मेसन होता. त्याचे वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड, जो १८०३ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता, दोघांनीही आयर्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टरपद भूषवलेले. आर्थरला १७९० मध्ये ट्रिम गावच्या कौटुंबिक लॉजमध्ये दाखल करून घेतले गेले. त्याला त्यात रस दिसत नाही. वेलिंग्टनचा ड्यूक झाल्यावर, उतारवयात, कोणी विचारले तेव्हा आपण मेसन झाल्याचे आठवत नाही असे त्याने लेखी कळवून टाकले. अनेक तरुण अधिकाऱ्यांसाठी लॉज म्हणजे घराण्याची एक रीत आणि चांगले जेवण, यापलीकडे काही नव्हते हे लक्षात ठेवलेले बरे.

मुंबईचा उमेदवार, पॅरिसचा दाखला

लॉजमध्ये सर्व माणसे एका पातळीवर, असे पाणसळ दाखवून रोज म्हणायचे, आणि दारात हिंदी माणूस आला की काळी गोळी टाकायची, हे फार दिवस चालण्यासारखे नव्हते. नियमपुस्तकात एका परमेश्वरावर श्रद्धा असावी एवढीच धार्मिक अट होती. ख्रिस्ती असण्याची नव्हती. अर्काटच्या नबाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला त्रिचनापल्लीत १७७० च्या दशकातच दाखल करून घेतले गेले होते. पण तो राजपुत्र, आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्याची मैत्री हवी होती.

खरी कसोटी मुंबईत लागली. माणेकजी करसेटजी हे सुशिक्षित पारशी गृहस्थ, पुढे लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश आणि मुलींच्या अलेक्झांड्रा शाळेचे संस्थापक. मुंबईच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजने त्यांना नकार दिला. ते युरोपात गेले. लंडनमध्ये जमले नाही, पण पॅरिसच्या लॉजने त्यांना रीतसर दाखल करून घेतले. माणेकजी १८४३ मध्ये दाखला घेऊन परतले आणि पेच उभा राहिला. आता ते उमेदवार नव्हते, भाऊ होते. पत मान्य करणे हाच संघटनेचा पाया. तीच नाकारली तर मुंबईच्या मेसनांना परगावी कोण विचारणार?

वाट काढली डॉ. जेम्स बर्न्स यांनी. स्कॉटलंडच्या माँट्रोझ गावचे हे लष्करी डॉक्टर, काबूलमध्ये मारले गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे थोरले भाऊ. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने १८३६ मध्ये त्यांना पश्चिम हिंदुस्थानचे प्रमुख नेमले होते. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी हिंदी सभासदांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे स्वतंत्र लॉज काढले. स्वतः पहिले मास्टर झाले, माणेकजी चिटणीस. सुरुवातीच्या सभासदांत पारशी आणि मुसलमान होते. ही उदारता होती आणि सोयही होती, कारण वेगळे लॉज काढल्याने जुन्या लॉजमधल्या गोऱ्यांची पंगत अबाधित राहिली. तरीही नियमाने दोन्ही लॉज समान होती, आणि ‘रायझिंग स्टार’चा सभासद उद्या ‘पर्सिव्हरन्स’च्या दाराशी पाहुणा म्हणून उभा राहू शकत होता. वेगळेपणाची भिंत घालतानाच तिला दार ठेवावे लागले.

हिंदूंचा प्रश्न

पारशी एक ईश्वर मानतात, मुसलमानही मानतात. हिंदूंबाबत गोऱ्या मेसनांनी दोन हरकती काढल्या : अनेक देव आणि जात. जो आपल्याबरोबर जेवत नाही तो भाऊ कसा? दुसरी हरकत अगदीच निराधार नव्हती, फक्त ती काढणारेही हिंदी माणसाबरोबर क्लबात जेवत नव्हते. बंगालमध्ये प्रांतिक लॉजने असा पोटनियमच केला होता, की प्रमुखाच्या परवानगीशिवाय एतद्देशीय उमेदवार घेऊ नये. प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ पासून पाठपुरावा केला, प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि १८७२ मध्ये कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्याच लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सभासद झाले. इकडे फिरोजशहा मेहता, दादाभाई नौरोजी ही नावेही मेसनांच्या यादीत आहेत. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, इतिवृत्त कसे लिहायचे याचा सराव या मंडळींना अनेक संस्थांतून मिळाला. लॉज ही त्यांतली एक, आणि तिथे साहेबाच्या शेजारी खुर्ची मिळे.

धर्मग्रंथाचा प्रश्न मात्र व्यवहाराने सुटला. प्रत्येकाने आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यावी, असे ठरले. त्यामुळे भारतातल्या लॉजच्या चौरंगावर बायबल, गीता, कुराण, अवेस्ता, गुरु ग्रंथसाहेब असे ग्रंथ शेजारी शेजारी दिसतात. पंगतीचा प्रश्न चिवट निघाला. मुंबईत जन्मलेला किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ लॉजमध्ये मेसन झाला. आपल्या लॉजवरच्या कवितेत त्याने शीख, मुसलमान, पारशी, ज्यू असे सगळे भाऊ उभे केले आहेत, पण कोणाची जात बाटू नये म्हणून तिथे मेजवानी होत नसे, हेही सांगितले आहे. प्रत्यक्षात त्या लॉजमध्ये बहुसंख्य युरोपीयच होते. आठवणीत सरमिसळ जरा वाढली आहे.

१९४७ नंतर

स्वातंत्र्याबरोबर गोऱ्या पलटणी गेल्या आणि छावण्यांतल्या लॉजचा आधार गेला. काही बंद पडली, काही एकमेकांत विलीन झाली, काही हिंदी अधिकारी, डॉक्टर, वकील आणि व्यापारी यांच्यावर चालू राहिली. शिवाय जे काम लॉज करत असे ते वाटले गेले होते : पत बँकेकडे गेली, विधवेची तरतूद विमा आणि निवृत्तिवेतनाकडे, परगावची ओळख रोटरीसारख्या उघड्या क्लबांकडे.

तोवर भारतातली लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तीन वेगळ्या ग्रँड लॉजच्या सनदांवर चालत होती. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. नव्या संस्थेत यायचे की जुनी सनद ठेवायची, हे प्रत्येक लॉजने आपले आपण ठरवायचे होते, आणि सगळ्यांचा निर्णय एक झाला नाही. म्हणून मुंबईत आजही भारतीय ग्रँड लॉजच्या पश्चिम विभागातल्या लॉजबरोबर परदेशी सनदेवर चालणारी लॉजही आहेत, आणि एकाचा सभासद दाखला दाखवून दुसऱ्याच्या सभेला बसू शकतो.